गावंडेकाकांची पांढरी

आमच्या कॉलनीत सकाळी सगळ्यात आधी दवाखाना उघडतो तो गावंडेकाकांच्या अंगणात. पेशंट एकच. काका आंघोळ करून बाहेर येतात, गाडीवर पांघरलेली जुनी चादर बाजूला करतात आणि बॉनेटवर पालथा हात ठेवून डोळे मिटून उभे राहतात. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणतात, "ताप नाई." मग पुढच्या चाकाशी वाकून खालची फरशी न्याहाळतात. तेलाचा थेंब सांडलेला नसला की दुसरं निदान, "पोट साफ हाय." त्यानंतर चहा.

रात्रभर बंद असलेल्या गाडीला सकाळी ताप कसा असेल, हे विचारायची कॉलनीत कोणाची छाती नाही. मी एकदा विचारलं.

"काहून?" काका म्हणाले. "तुले झोपेत ताप येत नाई काय?"

काका सरकारी गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. डॉक्टर सुई देणार, आणि जनावराला धरायचं, जखम धुवायची, मलमपट्टी करायची हे काम काकांचं. पुसद आणि महागाव तालुक्यातल्या कितीतरी गोठ्यांत त्यांनी रात्री काढल्या. नोकरी संपली, पण भाषा गेली नाही. त्यांना माणसाचं, यंत्राचं, सरकारचं, कशाचंही दुखणं गुरांच्या भाषेतच कळतं. प्रशांत, म्हणजे त्यांचा मुलगा, सातवीत असताना त्यांनी ही पांढरी छोटी गाडी नवीकोरी घेतली. घरी आणली त्या दिवशी विमलकाकूंनी ओवाळलं, आणि काकांनी सवयीनं समोरचं झाकण उघडून आत पाहिलं, जसं बाजारात बैल घेताना दात पाहतात. "चांगली हाय," म्हणाले. "पांढरी म्हणू इले."

पांढरीचे डॉक्टर सलीम मिस्त्री. बसस्टँडच्या मागं त्यांचं गॅरेज आहे. पहिली काही वर्षं सलीमभाईंना काकांचं काहीच कळत नसे. आता त्या दोघांचं बोलणं ऐकण्यासाठी गॅरेजमधली बाकीची गिऱ्हाइकं हातातला चहा थांबवतात.

"सलीम, काल सांजीपासून हगवण लागली."

"कौनसे रंग की, काका?"

"काळी."

"मतलब इंजिन ऑइल. और?"

"खोकते. कोरडा खोकला हाय. चारा बदलून पाहू काय?"

"पेट्रोल मत बदलो, काका. प्लग साफ करता हूं."

एकदा सलीमभाई लग्नाला गेले होते आणि काकांना यवतमाळच्या एका मिस्त्रीकडे जावं लागलं. काका गाडीतून उतरून त्याला म्हणाले, "डाव्या मागच्या पायानं लंगडून राह्यली. दोन दिवस झाले." तो बिचारा हातातला पाना घेऊन बाहेर आला आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना म्हैस शोधू लागला.

आता पांढरीत बसायचा नियम सांगतो. चपला-बूट घालून बसता येत नाही. दाराशी उतरवायचे, ते काका एका पोत्यात भरतात, पोतं डिक्कीत जातं. मंत्री आला तरी हाच नियम. मंत्री काही आला नाही, पण आमच्या कॉलनीतली निम्मी पोरं जन्माला यायच्या आधी त्या गाडीतून दवाखान्यात गेली आहेत. कोणत्याही वेळी दार वाजवा, काका बनियनवर शर्ट चढवत बाहेर येणार. पेट्रोलचं नाव काढलं तर रागावणार. पण कळा येत असलेल्या बाईच्या नवऱ्यालाही म्हणणार, "तिचं राहू दे, तू चपला काढ."

याच नियमापायी माझं लग्न झालं.

मी तेव्हा नुकतंच मेडिकल स्टोअर टाकलं होतं. दिग्रसला मुलगी पाहायला जायचं ठरलं. मे महिना. गाडीत आई, बाबा, मी, आणि मोठी माणसं म्हणून गावंडेकाका-काकू. सगळ्यांच्या चपला पोत्यात, पोतं डिक्कीत. दिग्रसला मुलीच्या घरासमोर उतरलो आणि काका डिक्की उघडायला गेले. उघडेना. चावी फिरते, झाकण हलत नाही. काकांनी वरून थापटलं, खालून दाबलं, मग आमच्याकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "दातखिळी बसली."

समोर तापलेली डांबर सडक, तिच्यापलीकडे फरशी घातलेलं मोठं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला हात जोडून उभी असलेली मुलीकडची मंडळी. जावं तर लागणारच होतं. माझी आई आयुष्यात एवढ्या झपाझप कधी चालली नसेल. बाबा टाचांवर चालत होते. मुलीच्या वडिलांनी आमच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं अडखळलं.

"चपला... गाडीत राहिल्या का?"

बाबांनी तोंड उघडलं, पण काका पुढं झाले. अंगणातल्या फरशीवर दोन्ही पाय आळीपाळीनं उचलत म्हणाले, "नाई, दादा. आम्ही पोरगी पाहाले नाई आलो, लक्ष्मी पाहाले आलो. आमच्याकडे असं अनवाणीच येतात."

मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईच्याही आलं, पण ते वेगळ्या कारणानं. पोहे यायच्या आधीच अर्धं लग्न ठरलं होतं.

पुढच्या रविवारी मुलीकडची मंडळी आमचं घर पाहायला आली. खिडकीतून पाहतो तर काय, कॉलनीच्या कोपऱ्यावर जीप थांबवून सगळेच्या सगळे, दोन काका, तीन मामा आणि काठी टेकत येणारी आजी, अनवाणी चालत येत होते. तुमच्या घरची पद्धत पाळली, म्हणाले. बाबांनी गावंडेकाकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते.

मीना, म्हणजे माझी बायको, हे खरं कारण कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काकांशी मात्र त्याच दिवशी बोलली. "काका, माझ्या आजीच्या पायाला फोड आले होते," म्हणाली. काकांनी घरातून मलमाची डबी आणून दिली. वर लेबल होतं, फक्त जनावरांसाठी.

पोळ्याचा थाट तर पाहण्यासारखा. आदल्या दिवशी शेतकरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकतात, ती खांदशेकणी. काकांना शेत नाही, बैल नाही. ते पांढरीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन देतात. पोळ्याच्या दिवशी आरशांना गोंडे, बॉनेटवर झूल, आणि काकूंनी केलेली पुरणपोळी समोर ठेवलेली. ती पुरणपोळी नंतर काकाच खातात. "तिनं माह्याकडे सरकवली," म्हणतात.

या सगळ्यात विमलकाकू कुठं असत? डाव्या सीटवर. पाठ टेकवायची नाही, कारण कव्हर चुरगळतं. कशाला हात लावायचा नाही. काच खाली करायची तर काका पलीकडून वाकून स्वतः करणार. पांढरीवर नखाएवढा ओरखडा उठला की काकांचं जेवण कमी होई. एकदा कोणाच्या तरी शेळीनं दाराला शिंग घासलं, तर काका चार दिवस त्या शेळीच्या घराकडे पाठ करून बसत होते. प्रशांत पुण्याला नोकरीला लागला, चांगला साहेब झाला, पण बापाच्या गाडीची चावी त्याला आजवर मिळाली नाही. "तिले माहा हात कळते," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी पोळ्यालाच प्रशांत आला तो मनाशी पक्कं करून. त्यानं आईवडिलांसाठी नवी गाडी ठरवली होती. गिअर बदलायची गरज नाही अशी. मला मुद्दाम बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून.

"बाबा, नुसता पाय दाबायचा. चालते."

"अन् बिमार पडली त? सलीम काय करन? थे कम्प्युटरची गाय हाय."

"बाबा, ही आता म्हातारी झाली. रस्त्यात कुठं बसली तर?"

"तुह्या मायबापाचं वय काय झालं, ध्यानात हाय ना तुह्या?"

पण हट्टाला हट्ट. प्रशांत म्हणाला, "मी नवी पाठवणार. ही विकून टाका."

काका उभे राहिले. मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "पांढरी माह्या दारातून हालणार नाई! निदान आता त नाईच. एक वर्ष नाव काढू नको!"

एक वर्षच का, हे कोणी विचारलं नाही. प्रशांत जेवता जेवता उठला. काकू ताट घेऊन आत गेल्या. जाताना प्रशांत मला कोपऱ्यावर थांबवून म्हणाला, "सुधीरदादा, तू समजाव. आईच्या जिवाशी खेळ आहे हा. एका डब्यापायी."

मलाही ते पटलं होतं. शिवाय मला एक गोष्ट खटकत होती. काका काही महिन्यांपासून माझ्या दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या नेत होते. "साळ्यासाठी," म्हणायचे. त्यांच्या साळ्याला मी ओळखत होतो. तो आर्णीला राहतो, तिथं औषधांची दुकानं भरपूर आहेत.

पुढच्या रविवारी सकाळी समजावायला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो, तर कुलूप. पांढरीही नाही. शेजारचे म्हणाले, हल्ली दर रविवारी दोघं सकाळीच जातात, कुठं ते सांगत नाहीत. मी दुकानाकडे निघालो. बाजार समितीच्या फाटकावरून जाताना आतून इंजिनाचा असा आवाज आला, जसा कोणीतरी त्याचा गळा दाबतंय. हा खोकला माझ्या ओळखीचा होता. मी आत वळलो.

रविवारी समितीचं आवार रिकामं असतं. त्या मोकळ्या जागेत पांढरी हिसके देत चालली होती. उजव्या सीटवर विमलकाकू. पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीनं मागं बांधलेला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं की सोडलं तर पळून जाईल. आणि डाव्या सीटवर काका, दोन्ही पाय समोर रोवून, नसलेला ब्रेक दाबत.

"कासरा सैल सोड! सैल! आवळू नको, थे बिचकते!"

"तुम्ही वरडू नका! मी बिचकते!"

"आता वळव. हळू. अवं, हळू!"

पांढरी वळली, पण जरा जास्त वळली. समोर शेडचा सिमेंटचा खांब होता. काकूंचा पाय ब्रेकवर जायचा तो भलतीकडे गेला. धाडकन आवाज झाला, दिव्याची काच खळकन खाली पडली, आणि सगळं शांत.

मी जागच्या जागी उभा. ज्या माणसानं शेळीशी बोलणं टाकलं होतं, तो आता काय करेल ते पाहत होतो. काका उतरले. पुढून वळसा घालून पलीकडे गेले. फुटलेल्या दिव्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. दार उघडून काकूंचं मनगट हातात घेतलं, बोटं एकेक हलवून पाहिली, कपाळ पाहिलं.

"लागलं काय तुले?"

काकूंनी मानेनंच नाही म्हटलं. "तुमची पांढरी..."

"खरचटलं थोडंसं. जनावराले लागतच असते." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. क्षणभर चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. म्हणाले, "आला काय? बरं झालं. पाणी हाय काय तुह्याजवळ? इले पाज."

काकू पाणी पिऊन शेडच्या पायरीवर बसल्या, आणि काकांनी मला थोडं बाजूला नेलं.

"कोणाले सांगू नको. प्रशांतले त नाईच नाई." मग थांबून, थांबून त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात दोघं काकूंच्या बहिणीकडे गुंजला गेले होते. परत येताना भर दुपारी काकांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. कशीबशी गाडी बाभळीखाली घेतली आणि मान टाकली. घाम सुटला, जीभ जड झाली. मोबाइल घरीच राहिलेला. पुढं थोड्या अंतरावर दवाखाना होता, गाडी चालू होती, चावी तिथंच होती. आणि काकूंना काहीच येत नव्हतं. ट्रक येत होते, जात होते. काकू रस्त्यात उभ्या राहून पदर हलवत होत्या. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर तिथंच सोडला आणि पांढरी चालवत त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाबाचं निघालं. वेळेत पोचले म्हणून निभावलं.

"घरी आल्यावर हे रडली नाई," काका म्हणाले. "नुसती म्हणाली, तुमचं काही झालं असतं त मी चावीकडे पाहत बसली असती. एवढंच. मले दुसऱ्या दिवशी भाकर गोड लागली नाई, सुधीर. इतके वर्षं शेजारी बसवलं मी इले. सांग, हात कायले लावू देल्ला नाई?"

"मग काका, नवी गाडी घ्यायची ना. शिकायला सोपी आहे ती."

"थेच त सांगून राह्यलो तुले. नव्या गाडीले हे भेईन. पहिला ओरखडा उठला का चावी ठेवून देईन, पुन्हा हात लावणार नाई. मी ओळखतो इले. अन् पोरगा पुण्याहून फोनवर म्हणन, आई, जपून. पांढरीचं काय? ठोकली त ठोकली. इले पक्कं येऊ दे, मंग खुशाल आणा नवी. म्हणून म्हटलं, एक वर्ष."

मागून काकूंचा आवाज आला. "बोलणं झालं काय तुमचं? मले परत वळवून पाहाचं हाय. खांब तथीच हाय अजून."

काका लगबगीनं जाऊन बसले. चपला घालूनच.

पुढचे काही महिने पांढरीच्या अंगावर एकेक खूण वाढत गेली. सलीमभाईंना काका सगळं खरं सांगत. "किसने मारा?" असं सलीमभाईंनी विचारलं की काका छाती पुढं काढून म्हणत, "घरच्यांनी." काकूंनी परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या, आणि लायसन्स हातात आल्यावर स्वतःच प्रशांतला व्हिडिओ कॉल लावला. प्रशांत बराच वेळ त्या छोट्या कार्डाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा कुठं आहेत?" काका स्वयंपाकघरात जाऊन लपले होते.

परवा काकू पहिल्यांदा एकट्या गुंजला गेल्या. दुपारी काका माझ्या दुकानात आले. पेपर वाचायला आलो म्हणाले. बाकावर बसले आणि पेपरचं एकच पान पुढं धरून रस्त्याकडे पाहत राहिले. मोटारसायकल आली तरी मान वर. चहा मागवला, तो निवला.

"फोन करू का काकूंना?" मी विचारलं.

"गाडी चालवताना फोन करू नये," ते दटावून म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नोकरीत होतो तवा मी खेड्यापाड्यानं फिरो. कुठी गाय अडली, कुठी बैलाले लागलं. घरी कवा येईन याचा काही नेम नसे. हे जेवाची थांबे. मी येऊन वरतून म्हणो, कायले थांबली? जेवून घ्याचं ना." त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली. "थांबणं असं असते, मले काय मालूम."

मी त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला.

ऊन कलायला लागलं तेव्हा वळणावर पांढरी दिसली. बाजूच्या ऑटोला चांगली सांभाळून घेत ती दुकानासमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर बहिणीकडची तुरीची पिशवी आणि पपया. काकूंनी काच खाली केली. चेहरा उन्हानं लाल झाला होता, आणि मी त्यांना इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

काका उठले, सवयीनं उजव्या दाराशी गेले.

"तिकडून," काकू म्हणाल्या.

काका वळसा घालून डावीकडे बसले. "चल, घरी. थकली असशीन."

"घरी नाई जायचं. धरणावर जाऊ."

"धरणावर? काय काम हाय तथी?"

"काही काम नाई. पाणी भरलं म्हणते बहीण. पाहू."

"विनाकाम कायले पेट्रोल..." काका एवढं म्हणाले आणि थांबले. काकू त्यांच्याकडे पाहतच नव्हत्या. आरशात पाहून, हात बाहेर काढून, मागच्या ट्रकला थांबवत होत्या.

निघताना पांढरीनं एक जोरदार हिसका दिला. मी कान टवकारले. पण काका ओरडले नाहीत. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, कोपर खिडकीवर टाकलं, आणि पाठ मागं टेकवून, पाहुण्यासारखे आरामात बसले.